मुलगी मुराळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेनं मला बोलावलं होतं. पालकांचा मेळावा होता आणि विषय दिला होता, मुलांसाठी प्रवासाचे फायदे. मी जन्मभर भूगोल शिकवला आणि दरवर्षी मुलांना कुठं ना कुठं फिरवून आणलं, म्हणून माझी आठवण झाली असावी. मी बोलले. मुलं आपलं गाठोडं आपण सांभाळायला शिकतात, दुसऱ्याच्या घरचं न आवडणारं जेवण मुकाट्यानं जेवायला शिकतात, आपल्या वेशीबाहेरही माणसं राहतात आणि त्यांना आपलं काही विशेष कौतुक नसतं हे त्यांना कळतं, असं सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं की बाई, तुम्ही लहानपणी पुष्कळ फिरला असाल. मी हो म्हटलं आणि पाणी प्यायले. त्या एका होकारामागं जे होतं ते शाल पांघरून सांगण्यासारखं नव्हतं. इथं लिहिते.

कर्जत स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की नदी लागायची आणि नदी ओलांडली की आमचं गाव. पुढं पडवी, मागं पडवी, मध्ये माजघर, दारात भाताचं खळं. घरात चार माणसं. आबा, आई, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी वच्छीताई आणि मी. मधली भावंडं जगली नव्हती. घरातला पहिला आवाज म्हणजे आईच्या भाकरीचा. तांदळाच्या पिठाची उकड मळताना परातीची एक बाजू जमिनीवर आपटत राहायची, त्या तालावर आम्ही जाग्या व्हायचो. भाकरीबरोबर वालाचं बिरडं, नाहीतर सुकट, पावसाळ्यात शेतातल्या चिंबोऱ्या. आणि दिवसभर, वारा इकडचा असला की, इंजिनांच्या शिट्या. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावायचे ते कर्जतला, आणि पुढचं इंजिन शिटी मारायचं तेव्हा मागचं उत्तर द्यायचं. वच्छीताई ओटीवर भात पाखडता पाखडता ऐकायची आणि म्हणायची, "विचारतंय, येतंस का? नि मागचं म्हनतंय, आलो आलो." तिची नक्कल इतकी बेमालूम असायची की शेजारची म्हातारी फसायची.

आबा स्वतः कल्याणच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण काकड्या, वालाच्या शेंगा घेऊन स्टेशनाबाहेर बसायचे आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला भाव सांगायच्या आधी विचारायचे, कुठून आलात, तिथं पाणी कसं, भात होतो का. लोक वैतागायचे. माल कमी विकला जायचा आणि आबा घरी येऊन आईला सोलापूरची हकिकत सांगायचे. आईला हे मुळीच आवडत नसे. ती म्हणायची, सोलापूरनं आपली चूल पेटत नाही. आबांचं एकच म्हणणं होतं, आपलं राहिलं ते राहिलं, पोरींनी तरी चार गावं बघावीत. त्या काळी, आमच्या गावात, पोरींसाठी असं म्हणणारा माणूस थोडा खुळाच समजला जायचा.

वच्छीताईचं लग्न खोपोलीला, शिळफाट्याजवळ झालं. नवरा, म्हणजे आमचे दाजी, एका पेंढ्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे. घरात दाजी आणि त्यांची विधवा आई, बस. त्या बाईंनी दोन म्हशी ठेवल्या होत्या आणि हमरस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांना त्या दूध घालायच्या. बोलणं तुटक, चेहरा कायम कोणीतरी नुकताच अपमान केल्यासारखा. लग्नातच आमच्या बायकांनी एकमेकींना डोळ्यांनी सांगितलं होतं की वच्छीची सासू खाष्ट निघणार.

सणाला सासुरवाशिणीला माहेरी आणायचं तर मुराळी जावा लागतो. मुराळी म्हणजे तिचा भाऊ, सख्खा नसला तर चुलत, तोही नसला तर बाप. आम्हाला भाऊ नव्हता. चुलत्यांचा मुलगा होता, पण आबा म्हणाले, सुमी जाईल. मी तेव्हा दहा-अकराची असेन. गावात हसू झालं, मुलगी कधी मुराळी असते काय. आईनं दोन दिवस अबोला धरला. आबा हटले नाहीत. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मला खोपोलीच्या गाडीत बसवलं. ती गाडी लहान, वाफेच्या इंजिनाची, डब्यात आमच्यासारखीच माणसं, कोंबड्या, भाजीच्या पाट्या. शिदोरी मांडीवर, आणि तोंडपाठ करून घेतलेलं एक वाक्य: "आबांनी ताईला माहेरपणाला धाडायला सांगितलंय." पळसदरीचं तळं गेलं, केळवली गेली, डोळवली, लौजी, आणि मी सगळा वेळ ते वाक्य पुटपुटत होते. खोपोलीला दाजी उभे होते.

त्या पहिल्या खेपेला सगळं सुरळीत झालं. सासूबाईंनी माझे पाय धुवायला पाणी दिलं, शेवयांची खीर वाढली, माझं वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ने. पन भाऊबीज झाली की आन." रात्री वच्छीताई आणि मी एका गोधडीत झोपलो, तिनं माझ्या वेण्या घातल्या, आणि सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. गाडीत ती सगळ्यांच्या देखत इंजिनाची नक्कल करत होती. नदीच्या अलीकडे आल्यावर तिनं लुगडं वर खोचलं, मला पाठुंगळी घेतलं, आणि पाण्यात शिरली. दारात आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लांबून आलेल्या माणसाची दृष्ट काढायची ती आमच्याकडची रीत. आईनं भाकरीचे दोन तुकडे मोडले. एक वच्छीताईवरून ओवाळून टाकला, एक माझ्यावरून. आपल्यावरूनही कोणी काही ओवाळावं इतक्या लांबून आपण आलो आहोत, या गोष्टीनं मी दिवसभर फुगून होते.

शिमग्याला मी पुन्हा गेले. या खेपेला वाक्य पुटपुटावं लागलं नाही. सासूबाई म्हशीचं आंबोण कालवत होत्या. मी वाक्य म्हटलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नाय धाडायची. कामं हायत." मी उभीच राहिले, कारण नाही म्हटल्यावर काय बोलायचं ते आबांनी शिकवलं नव्हतं. वच्छीताई मागच्या पडवीत होती. मी धावत गेले तर तिनं हात पुढं करून मला थांबवलं आणि अंगणातल्या शेवग्याखाली बस म्हणाली. ती स्वतः लांब जोत्यावर बसली, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, सासरी असंच बसावं लागत असेल. तिचं भांडं वेगळ्या खुंटीला टांगलेलं होतं आणि अंथरूणही पडवीतच होतं. तेही मला सासूचंच काम वाटलं. मी रडायला लागले. जवळ न येताच तिनं समजूत काढली.

"रडू नको गं सुमे. दाजी तुला घाटावर नेतील. वरनं आपली नदी दिसते म्हनतात. बघून ये नि मला सांग."

दाजींनी मला ट्रकमध्ये पुढं बसवून नेलं. अर्ध्या घाटात गाडी तापली, तिला पाणी पाजलं, दाजींनी घाटातल्या शिंग्रोबा देवाला हात जोडले आणि माझेही जोडवले. वर गेल्यावर कड्याच्या टोकाशी त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, बघ. जन्मल्यापासून ज्या डोंगरांकडे मान वर करून बघत होते ते माझ्या पायाखाली होते. खाली शेतं, झाडी, धूर, आणि खूप लांब एक चमकणारी रेघ. तीच नदी, असं दाजी म्हणाले. आमचं गाव त्या रेघेच्या कुठल्यातरी वळणावर होतं आणि तिथं आई या वेळी भात निवडत असणार, आणि इथून ते काहीच दिसत नव्हतं. भूगोल म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पुढं डीएडच्या पुस्तकांत त्याहून फार काही मिळालं नाही.

संध्याकाळी शेवग्याखाली बसून मी वच्छीताईला सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारायची. गाडी तापली तेव्हा आवाज कसा झाला, वर थंडी होती का, इंजिनं दिसली का. मी म्हटलं, घर नाही दिसलं. ती म्हणाली, नदी दिसली ना, मग पुष्कळ झालं. मग तिला खोकला आला आणि ती उठून आत गेली. सकाळी मी एकटी परत निघाले. दारात आईनं सवयीनं दोन तुकडे मोडले, माझ्या मागं कोणी नाही हे पाहिलं, आणि एक तुकडा परत टोपलीत ठेवला.

गौरींना आणायचं म्हणून गणपतीच्या आधी गेले तेव्हाही तेच. "नाय धाडायची," एवढं बोलून सासूबाई धारा काढायला गेल्या. गोठ्यात आता एकच म्हैस होती. वच्छीताई तशीच जोत्यावर, मी तशीच शेवग्याखाली, आमच्या मध्ये अंगण. ती वाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, उपास चालू आहेत. आणि लगेच, "सुमे, दाजी पेणला चाललेत. गणपती भरायला. तू पन जा." दाजींच्या ट्रकमध्ये पेंढा भरलेला होता, पेणच्या कारखान्यांतून गणपती उचलायचे तर ते पेंढ्यातच बसवावे लागतात. मी पेंढ्यावर बसून गेले. रंगाच्या वासानं भरलेल्या त्या शेडमध्ये गणपतींच्या रांगाच रांगा, काहींना अजून डोळे काढायचे होते. मला त्या बिनडोळ्यांच्या गणपतींची भीती वाटली आणि दया पण आली. गाडी भरायला वेळ होता म्हणून दाजींनी मला पुढं खाडीवर नेलं. तिथं मी पहिल्यांदा पाणी उलटं चालताना पाहिलं. आमच्या नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं, ते कधी परतत नाही. इथं ते समुद्राकडून चिखलात शिरत वर येत होतं, गवताच्या काड्या, फेस, सगळं उलट दिशेनं. मी दाजींना विचारलं की मग ते जातं कधी. ते म्हणाले, जातं आणि येतं, रोज. ते बोलताना त्यांचा आवाज चिरकला होता. मी पाण्याकडेच बघत होते.

त्या संध्याकाळी वच्छीताईचा काही केल्या विश्वास बसेना. "पानी उलटं कसं येल गं? थापा नको मारू." मी शपथ घेतली. मग ती म्हणाली की परत येणारं पाणी एकदा बघायला हवं. मी सकाळी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, पण दारात थांबली. मला तिचा राग आला होता. बहिणीला जवळ घ्यायचं सोडून ही मला ट्रकमध्ये घालून देते, असं वाटत होतं.

मी दुसऱ्यांदा रिकाम्या हातांनी आले तेव्हा घरात जे झालं ते आमच्याकडच्या कुठल्याही घरात झालं असतं. कोणी विचारलं नाही की वच्छी का आली नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी आपापल्या सासवांच्या गोष्टी काढल्या, आईनं पदरानं डोळे पुसले. सासूबाईंनी माझ्याबरोबर खरवस दिला होता, आईनं त्याला हात लावला नाही, शेजारी देऊन टाकला. मी भांडं वेगळं असल्याचं सांगितलं, पडवीत झोपत असल्याचं सांगितलं, पदराचं सांगितलं, आणि प्रत्येक गोष्टीनं सासू आणखी काळी होत गेली. माझ्या मावशीला क्षय झाला होता आणि तिच्या कुशीत झोपणारं तिचं मूलही त्यातच गेलं होतं, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. तरी वेगळं भांडं ऐकून कोणाच्या मनात ते आलं नाही. सासवा अशा असतात हे आम्हाला इतकं पक्कं माहीत होतं की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. आबा सगळ्यांत जास्त दुखावले होते. ते म्हणाले, दोनदा पोर परत पाठवली, आता या दिवाळीला मुराळी जायचा नाही, त्यांनाच गरज पडली तर पाठवतील. आईनं खूप विनवलं. आबांनी ऐकलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. करंज्या झाल्या, अनरसे बिघडले. भाऊबीजेला मी अंगणात एकटीच बसले होते. मग कापणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या पावलात विळा घुसला. पाय असा सुजला की तिला टेकवत नव्हता. ती पडवीत बसून होती, आबा आणि मी खळ्यावर भारे रचत होतो, तेव्हा नदीकडून एक बाई एकटीच येताना दिसली. ओल्या लुगड्यानं, चपला हातात. वच्छीताईची सासू. विहीण बोलावल्याशिवाय दारात येत नाही, आणि आलीच तर मानपान लागतो. आबांनी नमस्कारही केला नाही. आईनं तोंड फिरवलं. त्या बाई जोत्याच्या खालीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मी मुराळी न्यायला आले आहे.

आबांनी पुढचा भारा उचलला. तेव्हा त्या खाली मातीतच बसल्या आणि त्यांनी सांगितलं. वच्छीला छातीचा आजार होता, शिमग्याच्या आधीपासून. डॉक्टरांच्या सुया चालू होत्या, मधे बरं वाटलं होतं, गौरीनंतर पुन्हा रक्त पडायला लागलं. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. ती सुमीला बोलावत होती. आबा एवढंच म्हणाले की मग कळवलं का नाही.

"तिनंच शपथ घातली मला," सासूबाई म्हणाल्या. "म्हनली, घरी कळलं तर आय येऊन कुशीत घेल, सुमी येऊन बसंल. मावशीच्या पोराचं झालं तसं होयाला नको. मी म्हनलं, मंग सांगू काय लोकांना? तर म्हनली, सासू धाडत नाय म्हना. सासू धाडत नाय म्हटलं की कोनी फुडं इचारत नाय." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "खरं झालं तिचं, ईनबाय. तुमी पन इचारलं नाय."

आई ज्या आवाजात रडली तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. एवढंच आठवतं की सासूबाई उठून पडवीत गेल्या आणि आईचा सुजलेला पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

आईला नेण्यासाठी बैलगाडी हवी होती आणि चुलत्यांची गाडी लांबच्या शेतावर भारे वाहत होती. ती दुसऱ्या सकाळी मिळणार होती. सासूबाई, आबा आणि मी लगेच निघालो. खोपोलीच्या गाडीत आबांनी कोणाला काही विचारलं नाही, ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मला तोपर्यंत नीट कळलं होतं. घाट आणि खाडी, पेंढ्यावर बसून केलेला तो सगळा डौलाचा प्रवास, मला तिच्यापासून लांब ठेवण्याचा उपाय होता. मला जवळ घेता येत नव्हतं म्हणून तिनं मला ट्रकमध्ये घालून दिलं होतं. खाडीवर दाजींचा आवाज का चिरकला तेही कळलं. आज इतक्या वर्षांनीही मला तिचा राग येतो. तिनं मला डोंगर दाखवले, समुद्राचं पाणी दाखवलं, आणि स्वतःला दाखवलं नाही. आणि त्याच रागात हेही कळतं की मी आज जिवंत आहे, माझी छाती धडधाकट आहे, ती तिनं अंगणभर अंतर राखलं म्हणून.

वच्छीताई पडवीत पडली होती. आबांना तिनं उंबऱ्यातच थांबायला लावलं आणि मला शेवग्याखाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पुढं सरकायची आणि ती हात हलवून मागं सरकवायची. तिनं विचारलं, "काय बघितलंस सुमे? सांग." आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. गौरीनंतर मी कुठं गेलेच नव्हते. जवळ होता तो एवढाच, त्याच सकाळी मी आले तो रस्ता. मी म्हटलं, "ताई, मी तुला न्यायला आलेय. मुराळी आलेय." ती हसली असावी. मग मी तिला घेऊन निघाले.

मी सांगितलं, आपण खोपोलीला गाडीत बसलो. तू खिडकीशी बसलीस. लौजी आली, तिथं एक बाई बोरांची पाटी घेऊन चढली. डोळवली. केळवलीला भात कापून झालंय, शेतात पेंढ्यांच्या उडव्या रचल्या आहेत आणि बगळे उतरलेत. आता पळसदरी, तळ्यात पाणी काठोकाठ आहे. इथं घाटातली गाडी दिसते, पुढचं इंजिन शिटी मारतंय. मी थांबले. पडवीतून, श्वासाच्या आवाजाएवढ्या आवाजात, मागच्या इंजिनानं उत्तर दिलं, "आलो आलो." उंबऱ्यात बसलेल्या आबांनी डोकं गुडघ्यांत घातलं. मी पुढं निघाले. कर्जत आलं. आपण उतरलो, आबा शेंगा घेऊन बसलेत, कोणालातरी पाण्याचं विचारताहेत. बाजार मागं पडला. आता नदी. पाणी गुडघ्याएवढंच आहे, तू लुगडं वर खोचलंस.

"थांब," ती म्हणाली. "पलीकडं नको नेऊ गं. आय दारात असंल. तिला बघितलं की मला राहवायचं नाय. इथंच बसू जरा."

म्हणून मी थांबले. आम्ही नदीच्या अलीकडेच बसलो. ऊन कलत होतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं की खाडीचं पाणी खरंच परत येतं का. मी म्हटलं, येतं. त्यानंतर ती काही बोलली नाही. सासूबाई आत गेल्या आणि तिच्या अंथरुणाशी बसून राहिल्या, त्यांना कोणी अडवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी बाहेर येऊन दाजींना हाक मारली. दिवस मावळायच्या आत ती गेली, आणि रात्रीच सगळं आटोपलं.

दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं आबा आणि मी निघालो, आई बैलगाडीत बसून निघायच्या आत पोचायला हवं होतं. नदीवर आलो तेव्हा पलीकडच्या काठावर बैलगाडी जुंपलेली दिसली, आई तिच्यात पाय लांब करून बसली होती. तिनं आम्हाला दोघांनाच पाण्यातून येताना पाहिलं. आम्ही काठावर चढेपर्यंत तिनं चुलत्यांना गाडी वळवायला सांगितलं होतं. आबा गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सुमीनं तिला आनलं व्हतं. रस्ताभर सगळं सांगत आनलं. नदीपतूर आली. फुडं नको म्हनली."

आईनं मला विचारलं, कुठं बसली होती. मी स्टेशनाच्या बाजूच्या काठावरची जागा दाखवली. तिनं तिकडे बघत मान हलवली. घरी आल्यावर ती गाडीतून उतरली आणि त्या सुजलेल्या पायावर, भिंतीला धरून, आत गेली. चुलती म्हणाली की सुतक आहे, आधी अंघोळी होऊ द्या. आबा म्हणाले, करू दे तिला. आई टोपलीतली भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. मी अंगणात उभी होते. तिनं एक तुकडा मोडून माझ्यावरून ओवाळला आणि टाकला. मग दुसरा मोडला. तो तिनं माझ्या डाव्या हाताला, जिथं कोणी नव्हतं तिथं, माझ्याहून हातभर उंचावरून सावकाश ओवाळला, लांब टाकला, तिथल्या जमिनीवर पाणी ओतलं, आणि बाजूला सरून दार मोकळं केलं.